सात नंबरचा डबा

कॅम्प होस्ट हे नाव ऐकायला भारदस्त आहे. काम म्हणाल तर सकाळी सातला भडक पिवळं जाकीट चढवायचं, खड्ड्याच्या तीन संडासांत कागदाचे रोल घालायचे, नळावरची ‘पाणी उकळून प्या’ ही पाटी सरळ करायची, आणि कोणी शेकोटी पेटवलीच तर गोड बोलून विझवायला लावायची. पगार नाही. राहायला एक जुना कॅरावॅन आणि गॅस फुकट. मी सहा आठवड्यांसाठी हे काम घेतलं तेव्हा मला एकसष्ट पूर्ण झाली होती, आणि ते मी निव्वळ माझ्या मुलाच्या नाकावर टिच्चून घेतलं होतं.

माझा मुलगा शार्दूल ऑकलंडला पेनरोजमधल्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे आणि हेन्डरसनला राहतो. त्याचे बाबा, चंद्रहास, दोन वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून त्याचा एकच धोशा. “आई, लोअर हटचं घर विक. आमच्या खाली ग्रॅनी फ्लॅट रिकामा आहे. तू एकटी असतेस, मला रात्र रात्र टेन्शन येतं.”

मी तीस वर्षं हॉस्पिटलच्या फार्मसीत काढली आहेत. डॉक्टरांच्या चुका त्यांच्या तोंडावर सांगितल्या आहेत. मी म्हटलं, “सहा आठवडे नदीकाठी एकटी राहून दाखवते. मधेच परत आले तर घर विकीन. नाही आले तर हा विषय पुन्हा काढायचा नाही.”

तो लगेच हो म्हणाला. दुसऱ्या आठवड्यात मी परत येणार याची त्याला खात्री होती.

माटाई बेंड हा कॅम्प रेमुटाकाचा घाट उतरून वैरारापात गेलं की पाऊण तासावर आहे. नदीच्या वळणावर चौदा जागा, प्रत्येकीला नंबराचा खांब आणि एक लाकडी टेबल. एका बाजूला कानुकाची झाडी, दुसऱ्या बाजूला विलो, आणि मधे करड्या गोट्यांचं रुंद पात्र. जानेवारीत पाणी घोट्याएवढंच असतं, पण आवाज मात्र दिवसभर. फोनला रेंज हवी असेल तर फाटकापर्यंत चालत जावं लागतं. मी कॅरावॅनच्या खिडकीत चंद्रहासचा फोटो ठेवला. हसतानाचा आहे. समोरच्या दाताचा कोपरा उडालेला दिसतो. शाळेत असताना क्रिकेटचा चेंडू लागला होता. मी जन्मभर त्याला दात नीट करून घे म्हणत राहिले आणि तो ‘ही माझी ओळखीची खूण आहे’ म्हणून टाळत राहिला.

होस्टने येणाऱ्याचं स्वागत करावं असं पत्रकात लिहिलेलं होतं. आमच्याकडे स्वागत कोरड्या तोंडाने करत नाहीत. मी घरून पातळ पोह्यांचा चिवडा करून नेला होता, तो पिशव्यांत भरून पहिल्याच दिवशी जागोजागी वाटला. लोकांनी खाल्ला, ‘स्वीट ॲज’, म्हणजे मस्त, म्हणाले, दोघांनी पाणी मागितलं. सात नंबरला, विलोखाली, एक लहान करडा तंबू होता. चेन बंद. मी दोनदा हाक मारली आणि पिशवी टेबलावर ठेवून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या पायरीवर एक डबा होता. जुन्या बिस्किटांचा, पत्र्याचा, झाकणावर पुसट गुलाब. आत लहान पिवळे प्लम, देठांसकट.

मला फार बरं वाटलं. या देशात पंचवीस वर्षांत किती जणांना मी काय काय करून दिलं असेल. भांडं परत येतं ते घासून, पुसून, रिकामं. त्यांची रीत आहे, तक्रार नाही. पण इथे कोणीतरी वस्तूच्या बदल्यात वस्तू पाठवली होती. आता डबा त्यांचा आणि पाळी माझी. माझ्या आईने रिकामं भांडं कधी कोणाच्या घरी परत जाऊ दिलं नाही. घरात काही नसलं तर निदान चमचाभर साखर असायची. मी डब्यात चिवडा भरला आणि सात नंबरच्या टेबलावर ठेवला. तंबू बंदच होता.

तिसऱ्या दिवशी डबा परत. आत ओढ्यात उगवणारी वॉटरक्रेसची पालेभाजी, ओली, मुळांना चिखल. मी ती डाळ घालून केली, छान झाली. डब्यात रव्याचे लाडू गेले.

मंगळवारी रेंजर बाई आली. ट्रेसी तिचं नाव; दर मंगळवारी गाडीतून रोल, साबण आणि गप्पा घेऊन यायची. मी सात नंबरवाल्यांचं कौतुक केलं.

“सात?” ती म्हणाली. “सात आम्ही देतच नाही. दोन वर्षांपूर्वीच्या पुरात अर्धी जागा नदीत गेली.”

आम्ही दोघी बघायला गेलो. खांब होता, टेबल होतं. टेबलामागे चार पावलांवर काठ सरळ तुटलेला. तंबू नव्हता. तंबूएवढं गवत तेवढं दबून पिवळं पडलेलं.

“फुकटे कोणीतरी,” ट्रेसी म्हणाली. मग टेबलावरचा डबा बघून हसली. “अरे, हा अजून आहे? आधीचा होस्ट ब्रूस, त्यालाही यायचा. पूर्ण उन्हाळाभर प्लम. तो प्लम खायचा आणि डबा तसाच परत ठेवायचा. थँक्यूसुद्धा म्हणाला नसेल म्हातारा.”

“फक्त प्लम?”

“हीप्स ऑफ प्लम्स. दुसरं काय असणार?”

वॉटरक्रेसचं मी तिला सांगितलं नाही. बोलले असते तर ती ऑफिसात बोलली असती, ऑफिसने माझ्या अर्जावर लिहिलेल्या नंबरावर फोन केला असता, आणि तो नंबर शार्दूलचा होता. नदीकाठचं कोणीतरी लाजरं माणूस असेल. मला त्रास नव्हता. खरं सांगायचं तर रोज सकाळी दार उघडताना मला उत्सुकता असायची.

चौथ्या आठवड्यात डब्यात चष्मा आला.

पायरीवर बसून मी तो बराच वेळ हातात धरला होता. तपकिरी फ्रेम. डाव्या दांडीचा स्क्रू पडला म्हणून मी तिथे तांब्याची बारीक तार घातली होती, तीन वेढे, आणि टोक आत वळवलेलं, कानाला लागू नये म्हणून. तीच तार. तेच तीन वेढे. हा चष्मा मी माझ्या हाताने चंद्रहासच्या चेहऱ्यावर घातला होता, आणि तो त्याच्याबरोबर विद्युतदाहिनीत गेला होता.

मी माझी नाडी मोजली. अठ्ठ्याऐंशी. आज कोणती तारीख, कोणता वार, शंभरातून सात सात वजा करत गेले. डोकं ठिकाणावर होतं.

चष्मा मी ठेवून घेतला. त्याच्या काचांवर नदीच्या पाण्याचे थेंब होते ते पुसले, आणि फोटोसमोर ठेवला. मला तो हवा होता, यात लपवण्यासारखं काही नाही. डब्यात मी होतं नव्हतं ते सगळं भरलं, शंकरपाळे, उरलेले लाडू, वर गुळाचा खडा. झाकण लागेना एवढं. तरी ते कमी आहे हे मला ठेवतानाच कळत होतं.

त्यानंतर जवळजवळ दोन आठवडे डबा आला नाही.

शेवटच्या शुक्रवारी दुपारी शार्दूल आला, बरोबर ईशाला घेऊन. ईशा माझी नात, सात वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत देते; इथे मी तिचं बोलणं मराठीत लिहिते आहे. शार्दूलने कॅम्पभर फिरून संडासांपासून पाट्यांपर्यंत सगळं बघितलं आणि हात वर केले.

“ओके आई. यू विन. घराचा विषय बंद.”

“लिहून दे,” मी म्हटलं. तो हसला. सहा आठवड्यांत मला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

ईशाचा वरचा दात हलत होता. संध्याकाळी मक्याचं कणीस खाताना तो पडला. तिने तो धुऊन टिश्यूत गुंडाळला आणि खिशात ठेवला. मग तिला खिडकीतला चष्मा दिसला.

“हा आजोबांचा?”

“हो.”

“तुला कोणी दिला?”

“सात नंबरवाल्यांनी. डब्यातून.” शार्दूल बाहेर तंबू ठोकत होता. मग मी तिला डब्याची गोष्ट सांगितली, भीती वाटणार नाही अशी. प्लम आले, मी चिवडा दिला. भाजी आली, मी लाडू दिले. “आपल्यात डबा रिकामा परत देत नाहीत,” मी सांगितलं. “कोणी काही दिलं की आपणही काहीतरी घालून द्यायचं.”

“काहीही?”

“आपलं जे असेल ते.”

शनिवारी सकाळी डबा आला. माझ्या पायरीवर नाही. शार्दूल आणि ईशाच्या तंबूच्या तोंडाशी, जिथे त्यांनी रात्री जँडल्स, म्हणजे रबरी चपला, काढून ठेवल्या होत्या तिथे. ईशाची एकच जँडल जागेवर होती.

दुसरी डब्यात होती. ओली. नीट आडवी ठेवलेली, मापाचा डबा असावा तशी.

मी तंबूची चेन उघडली. दोघं झोपलेले होते. ईशाचे पाय पांघरुणाबाहेर आलेले. मी ते हाताने चाचपून बघितले. कोरडे होते, गरम होते.

मग मला राग आला. इतका राग मला चंद्रहासच्या डॉक्टरांचाही आला नव्हता. चष्म्याच्या बदल्यात काय हवंय ते मला नीट कळवलं होतं, आणि माझ्याच चांगुलपणाच्या वाटेने.

मी जँडल काढून घेतली. डबा नळावर नेला. साबण लावून तीनदा घासला, कोपऱ्यांतून बोट फिरवलं, स्वच्छ फडक्याने कोरडा केला. फोटोसमोरचा चष्मा उचलला. तो उचलायला मला वेळ लागला.

सात नंबरला वारा नव्हता. नदीचा आवाज खालून, तुटलेल्या काठाखालून येत होता. करडा तंबू होता. चेन वीतभर उघडी होती.

मी चष्मा टेबलावर ठेवला. डबा शेजारी ठेवला, झाकण काढून, आत काही नाही हे दिसेल असा.

“तुमची वस्तू तुम्हाला,” मी मराठीतच बोलले. “आणि डबा रिकामा आहे. आमच्यात असा देत नाहीत. मी देतेय. पुन्हा माझ्या दारात आणायचा नाही.”

आतून काही आलं नाही. मी वळून पळाले नाही. उभी राहिले. मोजून पाच मिनिटं उभी राहिले, आणि मग चालत परत आले.

शार्दूल म्हणाला, “आई, बरी आहेस ना? हवं तर आजच निघू.” मी म्हटलं, उद्या बारापर्यंत माझी ड्यूटी आहे, उद्या बाराला निघू. त्या दिवशी मी ईशाला हाताच्या अंतरावर ठेवलं. संडासात रोल घालायलाही तिला बरोबर नेलं.

रविवारी सकाळी पायरी रिकामी होती. तंबूपुढे सगळ्या जँडल्स जोडीने होत्या. ट्रेसी किल्ली घ्यायला आली, आम्ही सात नंबरवर चक्कर मारली. टेबल मोकळं होतं. चष्मा नाही, डबा नाही. गवतसुद्धा उभं राहायला लागलं होतं. ट्रेसीने मला मिठी मारली आणि पुढच्या वर्षी याल का विचारलं. मी म्हटलं, बघू. जिंकलेल्या माणसाने तेवढा भाव खायला हरकत नव्हती.

शार्दूल त्याच्या भाड्याच्या गाडीतून पुढे गेला. ईशा हट्टाने माझ्या गाडीत मागे बसली. फेदरस्टन गेलं, घाट सुरू झाला. घाटमाथा जवळ येईपर्यंत ती ओठ मिटून बसली होती.

“आजी, तू काल विसरलीस.”

“काय गं?”

“डब्यात घालायला. मी तुला टेबलावर ठेवताना बघितलं. मी मागून आले होते. तू विसरलीस म्हणून तू गेल्यावर मी घातलं.”

मी गाडीचा वेग कमी केला. “काय घातलंस?”

“माझा दात. माझ्याकडे माझं तेवढंच होतं.”

घाटमाथ्यावर गाड्या थांबवायला मोकळी जागा आहे. मी आत वळले, गाडी थांबवली. वाऱ्याने गाडी हलत होती. शार्दूलची गाडी पुढच्या वळणाआड गेली. मी ठरवलं होतं, परत जायचं. काठ पूर्ण उकरून काढावा लागला तरी तो दात घेऊनच यायचं. मी गाडी उलट्या दिशेला वळवली.

“नको ना आजी, परत नको जाऊया,” ईशा म्हणाली. “त्यांनी बदली दिला. आज सकाळीच.”

मी आरशात बघितलं.

ती ओठ वर करून मला दाखवत होती. काल जिथे खिंड होती तिथे दात होता. पूर्ण वाढलेला, तिच्या तोंडाला मोठा होणारा, चहाने पिवळसर झालेला. त्याचा एक कोपरा उडालेला होता.