अर्धी तिसरी रेघ

हनुमंतमामांनी यातले काहीही डोळ्यांनी पाहिलेले नाही. ते त्यांनी आरंभीच सांगितले, म्हणून मी पुढचे ऐकून घेतले. कुंभकोणमच्या घरी जेवणे उरकली होती, वीज गेली होती, आणि आम्ही भावंडे ओट्यावर त्यांच्याभोवती बसलो होतो.

"अनंतकृष्ण माझा शाळेपासूनचा मित्र. गेल्या कार्तिकै दीपाच्या सणाला, संध्याकाळी, तो स्वामीमलैच्या देवळातून अंगारा घेऊन निघाला. बायकोसाठी."

"मामा, भूत कधी येणार?" विघ्नेशने विचारले.

"तू गप्प बसलास की."

मित्राची बायको, भागीरथीमामी, सणाच्या काही आठवडे आधीपासून अतिदक्षता विभागात होत्या. न्यूमोनिया उतरत होता. घशातली नळी निघणार होती. शेजारच्या पलंगावर इन्नंबूर गावची म्हातारी शिवकामी. भातकापणीत विळ्याने तिची उजवी अनामिका अर्धी गेलेली. नळ्या उपसू नयेत म्हणून हात कठड्याला बांधलेले. भेटायला कोणी नाही. तिच्या अंगावर असे जंतू वस्तीला होते, की त्यांना एकही औषध लागू पडत नव्हते. "तिला हात लावू नका, सार," नर्स लावण्याने बजावले होते.

"पण आपल्या घरांत अंगारा एकट्याला लावतात का? बघणाऱ्याला वगळायचे कसे? सणाआधी एकदा त्याने अंगारा नेला, तेव्हा म्हातारी टक लावून बघत होती. भागीरथीला लावला, मग तिला लावला. बोटांवर उरला, तो पुन्हा भागीरथीच्या कंठाला."

आठवड्याने शिवकामी गेली. भागीरथीमामींच्या तपासणीत तेच जंतू निघाले; पुढे रक्तातही. डॉक्टरांनी औषधांची नावे घेणेच थांबवले.

"हे भूत नव्हे, मामा," मी म्हणाले. "हात न धुण्याचा परिणाम आहे."

"आपल्याच हातून झाले, हे त्याला ठाऊक होते, बाळे. तेवढेच ठाऊक होते."



"त्या संध्याकाळी दारोदार पणत्या. पुडी त्याच्या खिशात. पुजाऱ्याने समोर बांधून दिलेली. लावायची नाही, नुसती जवळ ठेवायची, असे ठरवून गेला. दारातच लावण्या उभी. म्हणाली, 'सार, नको म्हटले होते ना?'

'काय?'

'अंगारा.'

'अम्मा, मी आत्ता येतोय.' त्याने पुडी काढून दाखवली. गाठ तशीच.

लावण्या गाठीकडे बघत दारातून बाजूला झाली...

तो आत गेला. शेजारचा पलंग रिकामा. धुतलेला. चादर ताणलेली. भागीरथीचे डोळे उघडे... त्या पलंगाकडे.

कपाळावर रेघा. ओल्या.

एक.

दुसरी.

तिसरी... अर्धी."

अक्षयाने माझा दंड धरला. "मग?"

"पहाटे गेली. त्याने पुडी माझ्या हातात दिली. अंगारा त्याने पुन्हा कोणाला लावला नाही. स्वतःलाही नाही."

जंतूंचा प्रवास मला समजतो. शोकात माणसाला काय दिसू शकते, तेही समजते. म्हणून दुसऱ्या दिवशी मी लावण्याला भेटले. त्या संध्याकाळी त्याच्याआधी कोणीही आत आले नव्हते, असे तिने सांगितले. रेघा उमटलेले कपाळ नंतर तिनेच पुसले होते. मी न विचारता तिने स्वतःची अनामिका मध्यावर मुडपून दाखवली.

पुडी मामांच्या देवघरात होती. त्यांच्यासमोर मी गाठ तपासली. दोरा जुना, मळलेला, कुठेही सैल नव्हता. कात्रीनेच कापावा लागला.

आत कागदाच्या घडीत राखेचा कणही नव्हता.