मावशींचं कागदी बिल

ओळख झाली ती एका डगमगत्या स्टुलामुळे. फोन कंपनीच्या बिल-काउंटरवर बसणारी ती, आणि बिल भरायला आलेला तो सुतार. रांगेतले बाकीचे घड्याळाकडे बघत होते. हा मात्र तिच्या स्टुलाच्या पायाखाली खुपसलेल्या जुन्या बिलांच्या घड्यांकडे.

"बिलांच्या टेकूवर बसता तुम्ही?"

"मग काय करू? एकेका बिलाला चार पानं, त्यातली तीन जाहिरातींची. कुठेतरी उपयोग नको का?"

"पडाल एक दिवस."

"तुमच्या अंगावर नाही ना पडणार!" ती बोलून गेली... आणि कानापर्यंत लाल झाली.

तेव्हापासून तो दर महिन्याला येऊ लागला. कानावर जाड पेन्सिल, बाहीला लाकडाचा भुसा. बिल चुटकीसरशी भरून व्हायचं, बोलणं काही संपायचं नाही. "आलात का डोकं खायला?" असं ती म्हणायची खरी, पण सकाळपासून दाराकडेच बघत असायची.

आज मात्र ती दाराकडे बघायचं टाळत होती. साहेब तिच्या मागेच हाताची घडी घालून उभे होते. सगळ्या शाखेत कागदी बिलाचं एकच खातं उरलं होतं, आणि त्याचं बिल हा सुतार भरायचा.

"एका खात्यासाठी छपाई चालू ठेवायची? आज ते बंद झालंच पाहिजे," साहेबांनी बजावलं होतं. "नाही जमलं, तर उद्यापासून येऊ नका."

आणि जमलं तर? तर बिलाचं काउंटरच बंद. मग तिने वरच्या मजल्यावर बसून फोन घ्यायचे, जिथे गिऱ्हाइकाला पाय ठेवू देत नाहीत. दोन्हीकडून तो दिसणार नव्हताच.

तो आला. आज भांग नीट पाडलेला, पेन्सिल गायब.

"कागदी बिल बंद करायचंय," ती त्याच्याकडे न बघताच म्हणाली.

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "आजच?... मग मी यायचं कशाला?"

मागे साहेब खाकरले. तिने खातं उघडलं.

"खातं तुमच्या घरमालकीण मावशींच्या नावावर आहे. ओटीपी त्यांना जाईल. विचारून घेते."

"अहो नको — मावशींना नको —"

पण संमती स्पीकरवरच घ्यायची, असा नियम होता. फोन लागला.

"ओटीपी ना? देते की!" मावशींचा आवाज सगळ्या हॉलभर घुमला. "मला तर ते बिल केव्हाचं बंद करायचंय. मेलं एक अक्षर दिसत नाही! पण हा सुतार ऐकेल तर शपथ. ‘मावशी, बंद करू नका, मला भरायला जाऊ द्या...’ दर महिन्याला गयावया! तिथे काउंटरवर कुणी मुलगी आहे म्हणे. आज तिला विचारणार होता. विचारलं का गं त्याने?"

शेजारच्या सिमकार्डाच्या रांगेतल्या माना वळल्या. साहेबांचा मिशीकडे निघालेला हात मध्येच थांबला. सुताराला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. आणि तिच्या छातीत अशी धडधड, की खालचं स्टूलही हलत होतं.

"नाही विचारलं... अजून," ती कशीबशी म्हणाली.

"अगं बाई! मग बिल बंद करू की नको? तूच सांग."

तिने मान वर केली. त्याची बोटं कानावर नसलेली पेन्सिल चाचपत होती.

"बिल नसताना आलो..." तो म्हणाला, "तर चालेल?"

"उद्यापासून मी वर बसणार. तिथे सोडत नाहीत कुणाला."

"मग खाली उभा राहीन — तुमच्या सुटायच्या वेळी. रोज."

तिला हसू फुटलं आणि डोळेही भरून आले. साहेब मागेच उभे आहेत, हे ती साफ विसरली. फोनवर मावशी विचारतच होत्या, "अगं, आहेस ना? काय करू मी?"

"बंद करा, मावशी," ती त्याच्याकडे बघत म्हणाली. "आता नाही लागणार."