मंगळवारची हिरवी गाडी

पुलाच्या तोंडाशी एक माणूस दोन्ही हात वर करून उभा होता, आणि मी ब्रेक दाबला तो निव्वळ त्याच्या अंगावर गाडी जाऊ नये म्हणून. नाहीतर एल्डन कॉडिलसाठी मी थांबले असते होय?

"माझी गाडी चिखलात रुतलीय," तो खिडकीशी येऊन म्हणाला. पावसाने केस कपाळाला चिकटले होते. "आणि ही भांडी आज पोचवायची आहेत. तू... तू डेल्फा ना?"

"मीच. तुझं मन मोडणारी."

तो कानापर्यंत लाल झाला. मला बरं वाटलं.

आमच्या केंटकीच्या डोंगरात मी जिल्ह्याचं फिरतं वाचनालय चालवते. मोठी हिरवी गाडी, आत पुस्तकंच पुस्तकं. दर मंगळवारी एल्डनच्या खोऱ्यावरून जाते, पण थांबत नाही, कारण त्याच्या घराकडे जाणारा लाकडी पूल एवढं वजन पेलायचा नाही. एवढी साधी गोष्ट! पण उन्हाळ्याच्या शेवटी या पठ्ठ्याचा अल्बम आला. एक गिटार, एक रडवं व्हायोलिन आणि त्याचा तो जड, संथ आवाज. शहरातल्या लोकांनी म्हणे फार वाखाणला. आमच्याकडे मात्र तो ऐकून बायका घाबरल्या. एवढं दुःख म्हणजे नक्की घरात कुणीतरी गेलं असणार! आणि आमच्यात कुणी गेलं की शेजारीपाजारी आधी स्वयंपाकाला लागतात. चीज घातलेले भाजके बटाटे, कोंबडी-शेवया, मक्याचा पाव... काचेच्या भांड्यांनी एल्डनचा ओटा भरून गेला. खाली चिकटपट्टीवर ज्याचं त्याचं नाव.

पुढे कळलं, कुणी गेलेलं नाही. मग लोकांनी चौथं गाणं पुन्हा नीट ऐकलं. 'मंगळवारची हिरवी गाडी.' ती येते, जाते, थांबत नाही...

जिल्ह्यात हिरवी गाडी एकच. झालं! चर्चमध्ये, पेट्रोल पंपावर, जिथे जाईन तिथे एकच प्रश्न: "त्या गरीब पोराचं काय केलंस गं?" आणि मी त्या गरीब पोराशी जन्मात दोन शब्द बोलले नव्हते.

"चढ," मी म्हटलं. "पण एका अटीवर. ज्या ज्या दारात जाशील तिथे सांगायचं, ते गाणं डेल्फावर नाही."

तो काहीतरी बोलणार होता... पण नुसतं "बरं" म्हणाला आणि भांड्यांचं खोकं आत ठेवलं. प्रत्येक भांड्यात सफरचंदाचा मुरांबा होता. भांडं रिकामं परत करायचं नसतं, एवढं तरी त्याच्या आईने शिकवलेलं दिसत होतं.

पहिलं घर व्हर्लीमावशीचं. तिचं केस कापायचं दुकान घरातच आहे. "अगं बाई, दोघं एकत्र!" ती दारातूनच ओरडली. "एल्डन, तुझी गाणी लावते मी इथे. बायका डोक्याला रोलर लावून ढसाढसा रडतात, आणि जाताना म्हणतात, व्हर्ली, किती हलकं वाटलं! तुमचं मिटलं का मग?"

मी एल्डनकडे पाहिलं. एल्डनने छताकडे पाहिलं. "मुरांबा जरा पातळ झालाय, मावशी," तो म्हणाला.

दुसरं घर होबार्टआजोबांचं. उभा जन्म कोळशाच्या खाणीत गेलेला, आता दोन पावलं चालले तरी धाप लागते. मी कितीदा पुस्तक देऊ केलं, कधी घेतलं नाही. त्यांनी एल्डनचा हात धरला तो सोडेचनात.

"ते शेवटचं गाणं रोज सकाळी लावतो, पोरा. म्हातारी गेल्यावर लोक माझ्याशी हवापाण्याचं बोलतात. तिचं नाव कुणी काढत नाही. तुझ्या गाण्यात मात्र ती स्वयंपाकघरात असल्यासारखी वाटते."

एल्डन त्यांचा हात धरूनच खाली बसला. मी उगाच त्यांच्या खिडकीच्या काचा पुसत बसले.

गाडीत परतल्यावर मात्र राग काढलाच. "काय रे, तोंड शिवलंय का तुझं? अटीचं काय झालं?"

"ज्यांचं मीठ खाल्लं त्यांच्यापुढे खोटं कसं बोलू?"

पाऊस पडत होता. मी गाडी सुरू केलीच नाही. "म्हणजे...?"

"म्हणजे दर मंगळवारी मी पुलावर येऊन उभा राहायचो. तू कधी बघितलंच नाहीस."

"तिथे वळण आहे, एल्डन! समोर नको बघू?"

तो हसला. हसताना त्याची एक भुवई वर जाते, हे मला तेव्हाच कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं. कारण खरं सांगू? ते गाणं मी रोज ऐकत होते. गाडीच्या काचा वर करून, कुणाला कळू नये म्हणून. ते माझ्यावर असावं असं वाटायचं... आणि तेवढाच संतापही यायचा.

"हात करायचास की," मी म्हटलं. "आधी अख्ख्या जिल्ह्याला सांगितलंस आणि मला शेवटी. चार गावांनी मिळून ठरवलेलं प्रेम नको मला. मला कुणी विचारलं?"

"चुकलंच माझं," तो म्हणाला. "शेवटचं भांडं कुणाचं आहे, पाहिलंस?"

मी चिकटपट्टी वाचली. माझ्या आईचं! माझ्या पाठीमागे हिनेही बटाटे पोचवले होते तर.

घरी आई दारातल्या ओट्यावरच उभी होती, कमरेवर हात ठेवून. "बरा सापडलास. चर्चमधल्या बायका माझं डोकं खातात. एकदा काय ते सांगून टाक बाबा, ते गाणं माझ्या लेकीवर आहे की नाही?"

एल्डनने भांडं तिच्या हातात दिलं. माझ्याकडे एकदा पाहिलं. चेहरा पार उतरलेला, पण आवाज सरळ ठेवला त्याने.

"नाही, काकू. दुसरीच कुणी आहे. डेल्फाचा काही संबंध नाही. मी सगळ्यांना तसं सांगेन."

मला हवं होतं तेच तो बोलला होता. अगदी शब्दन्‌शब्द. आणि तेच मला ऐकवेना.

"खोटं बोलतोय गं तो, आई."

आईचं तोंड उघडंच राहिलं. एल्डनचंही.

"डेल्फा, तूच तर ती अट घातली होतीस..."

"हो, मीच. आता मला सांग. गाणं नको, गिटार नको. नुसतं बोल."

त्याने ओले हात पँटला पुसले. "तू... तू मला आवडतेस. फार दिवसांपासून."

चालीशिवाय बोलताना अडखळला बिचारा. पण मला नीट ऐकू आलं, आणि मी म्हटलं, "मलाही."