फेस न येणारा साबण

"काका, ही फळी मी उभ्यानं फाट्यापलीकडं नेली, तर ढाब्याला न देता आम्हाला द्याल?"

उन्नतीनं विचारलं आणि ओटीवरच्या गप्पा गपकन थांबल्या. हा प्रश्न विचारून दाखवच, अशी पैज काकांच्या मितेशनं आणि मैत्रीण मनालीनं सकाळी तिच्याशी लावली होती. गेल्या वर्षीची उन्नती असती, तर केसरीनाथकाकांसमोर तिनं साधं पाणीसुद्धा मागितलं नसतं. पण या सुट्टीत ती खाडीचा फाटा पोहून पार करायला शिकली होती. तेव्हापासून तिला वाटू लागलं होतं, की पाण्याला भीत नाही तर माणसांना काय भ्यायचं?

फळी म्हणजे सर्फबोर्ड. माणसाहून लांब, पिवळाधमक, टोकाशी बोईट मासळीसारखा निमुळता. काकांच्या गोडाऊनमधली कंपनी पडघ्याला हलली, तेव्हा नको तो माल इथंच टाकून गेली. त्यातच हा निघाला. लाटांवर उभं राहायची वस्तू आमच्या खारबावात काय कामाची, म्हणत काकांनी तो पडघ्याच्या अनंताला ढाब्याची पाटी करायला देऊन टाकला होता. संध्याकाळी अनंताचा टेम्पो येणार होता.

काकांनी मिशीवरून हात फिरवला. आपला मितेश दोन दिवस आपटतोय त्या फळीवरून, हे साऱ्या ओटीला ऐकवून झाल्यावर ते म्हणाले, "ने. दुपारच्या भरतीला. पण तुझा बाबा होडी घेऊन बाजूला राहील. आणि पडलीस, तर फळी ढाब्याची."

सराव करायला तिघं तळ्यावर गेली. उन्नती चार वेळा चढली आणि चारही वेळा धप्पकन पाण्यात! पाय टेकला रे टेकला की फळी हातातल्या मासळीसारखी निसटायची. मनालीनं तिला सल्ला दिला, की तू बसून जा आणि पलीकडं गेल्यावर उभी राहा. मितेश म्हणाला, "ढाब्यावर आपल्याला पाटीखाली बसून फुकट चहा तरी मिळेल."

"तू पाटीखाली बस. मी उभी राहणार," उन्नती ओला वेणीचा शेपटा पिळत म्हणाली. सगळ्या ओटीसमोर बोलून बसली होती ती.

तेवढ्यात धुण्याच्या दगडावरून गुणाबाईआजी ओरडल्या, की पाणी ढवळू नका. त्या आधीच वैतागलेल्या होत्या. "तुझ्या काकानं गावभर वाटला ना, तो फॉरेनचा साबण! घासून घासून हात मोडला गो. फेस न्हाय न् काय न्हाय. लुगडं मेलं चिकट झालं. एक तेवढं बरं हाय, दगडावरनं आज पाय घसरला न्हाय."

उन्नती पिळता पिळता थांबली. तळ्यावरचा तो दगड म्हणजे गावातला सगळ्यात निसरडा दगड. तिथं न पडलेलं माणूस खारबावात नव्हतं. तिनं ओला पाय हळूच दगडावर ठेवला. घसरला नाही. जोर दिला. तरी नाही. मग तिनं तो पांढरा साबण उचलून हुंगला. वाळवलेल्या केळ्याच्या सुकेळीसारखा गोड वास.

हा वास तिच्या ओळखीचा होता. फळी आणली त्या दिवशी काकांनी तिच्यावरचा चिकट मळ खुरप्यानं खरवडून अंगणाच्या कोपऱ्यात टाकला होता. उन्नती धावत सुटली आणि मागून ही दोघं. कोपऱ्यात ती करडी खरवड अजून पडलेली होती. तिनं हुंगली. तोच वास!

"काका, खरवडल्यावर फळीला तुम्ही काही लावलंत?"

"करंजाचं तेल पाजलं," काका अभिमानानं म्हणाले. "होडीला पाजतो तसं. वरून, खालून, मस्त. कोरडी फळी कुणी पाण्यात घालतं काय?"

तिघांनी एकमेकांकडं पाहिलं. हसू दाबत ती गोठ्याच्या मागं पळाली. मळ नव्हताच तो. पाय धरून ठेवायचं मेण होतं. काकांनी ते काढलं, वर तेल चोपडलं आणि त्याच मालातल्या नव्या वड्या साबण म्हणून वाटून टाकल्या. विज्ञानाच्या बाईंचं घर्षण उन्नतीला आज पहिल्यांदा कळलं.

आधी राखेनं आणि खऱ्या साबणानं तेल काढलं, फळी पुसून कोरडी केली. मितेशनं भांडं घासावं तशी वडी रगडली आणि फळी उन्हात नेऊन ठेवली. झालं, मेण विरघळून ओघळलं, पुन्हा सगळं गुळगुळीत. मनालीनं त्याला धपाटा घातला. उन्नतीनं ते खरवडून फळी सावलीत आणली. या वेळी हात हलका ठेवून ती छोटे छोटे गोल फिरवत राहिली, फक्त वरच्या बाजूला, पाय पडतात तिथंच. एका थरानं काही झालं नाही. तिनं दुसरा दिला, तिसरा दिला, आणि घामोळं उठावं तसे बारीक दाणे फळीवर उठले. तळव्याला खरखरीत लागले. "आता पुसायचं नाही," तिनं मितेशला बजावलं.

भरतीला काठावर अर्धं गाव जमलं. आई कमळा तोंडाला पदर लावून उभी होती. बाबा बाळाराम होडीत, वल्हं हातात धरून. उन्नती लांब बांबू घेऊन फळीवर गुडघ्यांवर बसली, मग उठली. पाय हलले नाहीत. तिनं बांबू रेटला.

अर्ध्या वाटेत रेतीची बोट मोठ्या खाडीतून गेली आणि तिची लाट फाट्यात शिरली. फळी वर उचलली गेली. काठावर कुणीतरी किंचाळलं. उन्नतीनं गुडघे वाकवले. दाण्यांनी तळवे घट्ट धरले होते. लाट खालून निघून गेली, आणि ती उभीच!

पलीकडचा काठ गाठून ती परतली तेव्हा अनंता टेम्पो लावून टाळ्या वाजवत होता. काकांनी फळीवर बोट फिरवलं, गुणाबाईआजींकडची उरलेली वडी पाहिली आणि सगळं ध्यानात येऊन कपाळावर हात मारला. "तेल मी पाजलं, अक्कल हिनं," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "अनंता, तुझी पाटी लाकडाची कर. पोरीनं आमच्या खाडीचं नाव राखलं." बाबा फळी स्वतः खांद्यावर घेऊन घरापर्यंत आले.

अंगणात आईनं टॉवेल पुढं केला आणि आता झाली ना हौस, असं विचारलं. उन्नतीनं टॉवेल घेतला. सकाळी तिनं प्रश्न विचारला होता. आता विचारायचं काही उरलं नव्हतं.

"आई, बाबा, उद्यापासून रोज भरतीला मी गावातल्या पोरींना पोहायला शिकवणार आहे. ज्या पोहतील, त्यांना फळीवर उभं करणार. मेण मी लावीन."