गप्प बसणारी पेटी

पेटी इतकी देखणी, की बघणाऱ्यानं हात फिरवून पाहावा. स्पीकर नवा, मोठा, चांगला वजनदार. मग आवाज डब्यात अडकलेल्या भुंग्यासारखा का यावा?

हे कोडं नाजनीनला, म्हणजे नाजूला पडलं होतं. ती भिंगरीच्या मागच्या सीटवर पाय पोटाशी घेऊन बसली होती आणि तिला कुणाचंही तोंड बघायचं नव्हतं. भिंगरी म्हणजे तिच्या अम्मीची चिमुकली विजेची गाडी. त्या काळात मिरजेतल्या गाड्या आपल्या आपण चालायच्या, चार्जिंग संपत आलं की कुरकुरायच्या आणि मनात आलं तर बोलायच्या. भिंगरीच्या मनात जरा जास्तच वेळा यायचं.

"दार लाव. डास येतायत," भिंगरी म्हणाली.

"येऊ देत. चावू देत मला. माझी तेवढीच लायकी आहे."

झालं होतं ते असं. मैथिली ही नाजूची जिवाभावाची मैत्रीण. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. ती खुणांच्या भाषेत बोलते. भिंगरी आपल्या कॅमेऱ्यातून त्या खुणा वाचते, मोठ्यानं बोलून दाखवते आणि इतरांचं बोलणं मैथिलीला पडद्यावर लिहून देते. मैथिलीला ढोलकीचं भारी वेड. खर्जाचा आवाज (अगदी खालच्या पट्टीचा, घुमणारा आवाज) कानांशिवाय छातीला आणि पोटालाही कळतो, असं नाजूला समजलं आणि झालं! "मी मैथिलीला अंगानं गाणं ऐकवणार," असं तिनं अख्ख्या वर्गाला सांगून टाकलं. वर "आमच्या घरात लाकूडसुद्धा बोलतं" हीही फुशारकी मारून झाली.

तिचे नाना, म्हणजे अम्मीचे वडील, तंबोरे आणि सतारी बनवायचे, त्यामुळे फुशारकीत तथ्य होतं. नाजूनं डिकीत ठेवायची पेटी नानांच्याच पद्धतीनं केली. तंबोऱ्याच्या तबलीला (भोपळ्यावर बसवायच्या पातळ फळीला) वापरतात तसलं हलकं लाकूड घेतलं आणि ते रंधून रंधून पातळ केलं. बोटानं टिचकी मारली की टण्‌ आवाज आला पाहिजे, हे तिला पाळण्यात असल्यापासून ठाऊक होतं. त्या पेटीत सबवूफर (फक्त खर्जाचे आवाज काढणारा मोठा स्पीकर) बसवला, वरून लाखेचं पॉलिश दिलं, कडेनं वेलबुट्टी काढली. मग मैथिलीच्या वाढदिवसाला सगळ्या वर्गाला बोलावून, तिला गाडीत बसवून गाणं लावलं.

पेटी भणभणली. सीटला नुसत्या गुदगुल्या झाल्या. नाजूचा हात सीटवरच होता, तिला ते तेव्हाच कळलं. मैथिलीनं डोळे मिटले, कपाळाला आठी घातली, पुन्हा उघडले. समोर नाजूचा आसुसलेला चेहरा दिसला. मग ती हसली आणि तिनं खूण केली, "छान. खूप छान!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि नाजूनं वाकून त्या घेतल्यासुद्धा! खोटं आहे हे ठाऊक असताना घेतल्या. तेवढ्यावर भागलं नाही. त्यांच्या वर्गाच्या बाई खूश होऊन म्हणाल्या, "मग शनिवारी मैथिली या गाडीत बसून गाण्याला ढोलकीचा ठेका धरेल. सगळी शाळा बघेल!" मैथिली नाही कशी म्हणणार? आणि नाजूनं तोंड उघडलं नाही.

आता शनिवार तोंडावर आला होता. गाडीत बसून मैथिलीला ठेका कळणार नाही, तिचे हात भलतीकडेच पडतील आणि सगळी शाळा तिला हसेल.

"रडून पेटी सुधारत नाही," भिंगरी म्हणाली. माणसाला गोड बोलून समजवावं हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. "स्पीकर पेटीतून काढ. नुसता हातात धर. मी गाणं लावते."

नाजूनं नाक पुसून स्पीकर काढला. गाणं लागलं, स्पीकरचा पडदा (मधला हलणारा गोल भाग) जोरजोरात पुढंमागं हलत होता, पण खर्ज जवळजवळ गायब.

"अगं, हा तर आणखीच बिघडला!"

"बिघडला नाही. पडदा पुढं सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते. त्याच वेळी मागं काय होतं?"

"मागं जागा होते. तिथली हवा विरळ होते."

"मग समोरची दाटलेली हवा कुठं जाईल?"

नाजूनं स्पीकरच्या कडेवरून बोट फिरवलं. "इथून. कडेनं वळून मागं!"

"बरोबर. खर्जात पडदा सावकाश हलतो, त्यामुळे हवेला वळून जायला सवड मिळते. पुढचा दाब मागचा खड्डा भरून काढतो आणि दोन्ही एकमेकांना पुसून टाकतात. म्हणून पेटी लागते. पुढची हवा आणि मागची हवा यांची गाठ पडू द्यायची नाही, हे तिचं पहिलं काम."

"पण मी पेटी केलीच होती ना?"

"केलीस. आता स्पीकर परत बसव आणि पेटीवर चिमूटभर रवा टाक."

नाजू घरातून रवा घेऊन आली. गाणं लागताच पेटीवरचा रवा थुईथुई नाचू लागला. मग भिंगरीनं तिला स्वयंपाकघरातला जाडजूड पोळपाट आणायला लावला आणि पेटीला न टेकवता स्पीकरजवळ धरायला सांगितला. त्यावरचा रवा जेमतेम हलला.

"पातळ फळीला स्वतःचा एक सूर असतो," भिंगरी म्हणाली. "त्या सुराच्या जवळचा आवाज आला, की ती आपणहून थरथरायला लागते. याला अनुनाद (दुसऱ्याच्या कंपनानं आपणही कंप पावणं) म्हणतात. तंबोऱ्याला हाच अनुनाद हवा असतो. तार एवढीशी, तिचा आवाज तो केवढा! लाकूड थरथरतं म्हणून तंबोरा भरून वाजतो. पण इथं गाणं स्पीकरनं म्हणायचं आहे. तुझी पेटी त्याच्या मध्येमध्ये आपलंच तुणतुणं वाजवते आहे."

नाजूच्या कानशिलापर्यंत शरमेचा कढ आला. लाकूड बोलतं करण्याच्या नादात तिनं नेमकं तेच केलं होतं जे इथं करायचं नसतं, आणि त्याचीच ऐट मिरवली होती. नानांना हे सांगायचं म्हणजे अगदी जिवावर आलं. तरी ती गेली, कारण जाड लाकूड त्यांच्याकडंच होतं.

नानांनी चष्म्यावरून पाहिलं. "इतकी रंधलीस ती फळी, तेव्हा मला विचारलं का नाहीस?"

"तुम्ही शाबास म्हणाल असं वाटलं, नाना."

"म्हणालो असतो गं. मला तरी कुठं ठाऊक होतं?" नाना हसले. "उभा जन्म लाकडाला बोलतं करण्यात गेला. गप्प बसणारं लाकूड मागायला तूच पहिली आलीस. चल, काढ ते जाड प्लायवूड."

किती मोठी पेटी करायची, हा पुढचा प्रश्न. नाजूचं म्हणणं, जेवढी मोठी तेवढी बरी. भिंगरीनं तिला सायकलचा पंप आणायला सांगितला. "तोंडावर अंगठा दाबून दांडा खाली ढकल आणि सोड."

दांडा उसळून वर आला.

"कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते. पेटी फार लहान केलीस तर स्प्रिंग ताठ होते, आवाजाला खर्जापर्यंत खाली उतरताच येत नाही आणि नुसता एकसुरी घुमारा येतो. पेटी फार मोठी केलीस तर स्प्रिंग ढिली पडते, पडद्याला आवर राहत नाही. या स्पीकरला पंचवीस लिटर हवा पुरे. आतली लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार कर आणि त्याला हजारानं भाग, म्हणजे लिटर मिळतील. माप आतलं घ्यायचं हं, बाहेरचं नव्हे. आणि स्पीकरचं बूड आत जी जागा अडवतं, तेवढी जास्त धर."

"काही पेट्यांना भोक असतं, नळी असते. तशी करायची?"

"नळीची पेटी त्याच ताकदीत मोठा आवाज देते. पण तिला जागा जास्त लागते आणि माप जरा चुकलं, की एकच सूर डोकं वर काढतो. माझी डिकी बघितलीस ना? शिवाय मैथिलीला ढोलकीचा एकेक ठोका सुटा कळायला हवा आहे. बंद पेटीच बरी."

भिंगरीच्या डिकीत सरळ चौकोनी पेटी मावेना, कारण मागची सीट तिरकी. म्हणून पेटीची पाठही तेवढीच तिरकी कापली आणि रुंदी वरच्या-खालच्या मापांची सरासरी धरली. आत आडव्या पट्ट्या ठोकल्या, म्हणजे जाड फळीसुद्धा थरथरायला नको. सांधे मात्र नानांनी स्वतः जुळवले. आतून सरस भरला, बोटांनी चाचपून पाहिला, पुन्हा भरला. सरस पक्का वाळल्यावर स्पीकर बसवला आणि नाजूनं पडदा हलकेच दाबून सोडला. तो सावकाश परत आला, म्हणजे हवा कुठून निसटत नव्हती. तिनं पेटीवर टिचकी मारली. ठक्‌. नाना कसनुसं तोंड करून म्हणाले, "माझ्या दुकानात असला आवाज निघाला असता तर मी ती फळी चुलीत घातली असती."

पेटी तयार झाली. आता जागा ठरवायची होती.

"डिकीत पेटी कोपऱ्यात ठेवली, मधे ठेवली, तोंड सीटकडं केलं की मागच्या दाराकडं, प्रत्येक वेळी गाडीतला खर्ज बदलतो," भिंगरी म्हणाली. "लाटा पत्र्यावर आपटून परततात. कुठं त्या नव्या लाटांना हात देतात, कुठं त्यांना खोडून काढतात. ज्याला ऐकायचं आहे त्याला सीटवर बसवायचं आणि पेटी फिरवून बघायची. याला दुसरा उपाय नाही."

"म्हणजे मैथिलीला बोलवायचं?" नाजूचा आवाज पडला. गुपचूप पेटी बदलायची आणि कुणाला काही कळू द्यायचं नाही, असा बेत तिनं मनात केला होता.

मैथिली शुक्रवारी शाळा सुटल्यावर आली. नाजूनं सांगितलं, "थोडी सुधारणा केली आहे. कसं वाटतं बघ." पेटी मधे ठेवली. मैथिली म्हणाली, "छान." तोंड सीटकडं केलं. "छान." उजव्या कोपऱ्यात सरकवली. "खूप छान!" हसू तेच, वाढदिवसाचं.

या 'छान'चं करायचं काय? डिकीशी वाकलेल्या नाजूला वाटलं, आपणही पेटीत शिरावं आणि वरून फळी ठोकून घ्यावी. खरं काय ते फक्त मैथिली सांगू शकत होती, आणि ती खरं सांगत नव्हती, कारण पहिलं खोटं नाजूनं चालवून घेतलं होतं.

ती पुढं आली आणि मैथिलीसमोर बसली. भिंगरीला सांगता आलं असतं, पण तिनं स्वतःच्या अडखळत्या खुणा वापरल्या. "वाढदिवसाला तुला काहीच कळलं नव्हतं. मला ते तेव्हाच दिसलं होतं. पेटी मी चुकीची केली होती. तरी मी टाळ्या घेतल्या. मला लाज वाटते."

मैथिलीचं हसू मावळलं. तिचे हात इतक्या जोरात चालले, की भिंगरीचा आवाजही चढला. "मला वाटलं, माझ्यातच काहीतरी कमी आहे! तू एवढं केलंस आणि मलाच कळत नाही! घरी जाऊन मी रडले. बाई शनिवारचं बोलल्या तेव्हा तू गप्प का बसलीस?"

नाजूनं मान खाली घातली. मैथिली खिडकीबाहेर बघत राहिली. मग तिनं नाजूच्या गुडघ्यावर थापटलं आणि खूण केली, "लाव."

पेटी मधे. "नाही. नुसती पाठ थरथरते." तोंड सीटकडं. "ठोके एकात एक मिसळतात." उजवा कोपरा. "बरं आहे, पण पुसट." मग डाव्या कोपऱ्यात, तोंड मागच्या दाराकडं, दारापासून वीतभर अंतर सोडून. गाणं लागलं. मैथिलीनं पटकन बरगड्यांखाली हात ठेवला. तिचे डोळे मोठे झाले. दुसऱ्या हाताचं बोट मांडीवर पडू लागलं, एक, दोन, एक, दोन, आणि ते अचूक ठोक्यावर पडत होतं.

"इथं," तिनं पोटाकडं बोट दाखवलं. "कुणीतरी आतून दार वाजवतंय."

"एवढ्याशा गाडीत?" नाजूला विश्वास बसेना.

"एवढीशी म्हणूनच," भिंगरी ऐटीत म्हणाली. "खर्जाची एक लाट माझ्या दुपटीहून लांब असते. ती माझ्यात मावतच नाही. त्यामुळे दारं-खिडक्या लावल्या, की पडद्याच्या प्रत्येक धक्क्याला आतली सगळी हवा एकदम दाबली जाते. मोठ्या सभागृहात एवढ्याशा स्पीकरनं हे होणार नाही. लहान असण्याचे फायदे असतात. आता पेटी पट्ट्यांनी घट्ट बांधा. मी कचकन ब्रेक दाबला तर ती तुमच्या पाठीत यायला नको. आणि आवाज बेतानं हं. नाजूला तिचे कान अजून पुष्कळ दिवस वापरायचे आहेत."

शनिवारी सगळी शाळा मैदानात जमली. मैथिली ढोलकी मांडीवर घेऊन भिंगरीत बसली, काचा वर केल्या. आतलं गाणं आणि ढोलकी बाहेरच्या स्पीकरवरून सगळ्यांना ऐकू येत होती. ठेका सुरू झाला आणि मुलांची कुजबुज थांबली. पहिलं कडवं सुरेख गेलं. दुसऱ्या कडव्यात हात चुकला, ठेका लंगडला आणि मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं.

नाजूचा चेहरा उतरला. पुन्हा पेटी! पुन्हा मीच! ती डिकीकडं धावली, तोच गाणं थांबलं. मैथिलीनं काच खाली केली. तिचे हात चालले आणि भिंगरीचा खणखणीत आवाज मैदानभर गेला.

"पेटी बरोबर सांगत होती. चूक माझ्या हाताची आहे. मी घाई केली. पहिल्यापासून लावा."

नाजू जागच्या जागी उभी राहिली. चूक आपली आहे, हे मैथिली मान वर करून सांगत होती. आपली चूक ओळखायला आधी ठेका नीट कळावा लागतो, आणि तो तिला कळला होता. नाजूनं गाणं पहिल्यापासून लावलं.

कार्यक्रम संपल्यावर मैथिलीनं विचारलं, "आपल्या शाळेच्या बसमध्ये अशी पेटी बसवली तर? माझ्यासारखी आणखी मुलं आहेत."

"बस लांब असते. गणित बदलेल," भिंगरी म्हणाली. "आधी मापं आणा."

नाजू मोजपट्टी घेऊन बसकडं निघाली होती. मैथिलीनं तिला थांबवलं आणि पट्टी स्वतःच्या हातात घेतली. "मोजायचं मी. पेटी तू कर. आणि बिघडली तर लगेच सांग."

"लगेच सांगेन," नाजूनं खूण केली.