दोनशे ठिपके कुठे गेले?

"गजू, घट्ट धर ना त्याला! निसटला बघ!"

"ताई, तो शेपटी मारतोय! तूच धर, शाई मी लावतो!"

"तू लावलीस तर झिंगा राहील कोरा आणि केतकीचं नाक होईल काळं!"

केतकीने घाईघाईने नाक पुसलं आणि ते खरोखरच काळं झालं. मग काय, तिघांनाही हसू आवरेना! हसता हसता गजूच्या हातातला झिंगा टुणकन उडाला आणि थेट तळ्यात जाऊन पडला.

"एकशे बारा... नाही, एकशे अकरा!" वहीतला आकडा खोडत केतकी म्हणाली.

त्र्याण्णव सालची मे महिन्याची सुट्टी लागली होती. तारा आणि तिचा धाकटा भाऊ गजेंद्र सुरतेतल्या डिंडोलीहून दोन बस बदलून मामाकडे आले होते. ताराच्या वर्गातली केतकी तर चार दिवस घरी अडून बसली, तेव्हा कुठे तिच्या बँकेतल्या बाबांनी तिला पाठवलं. भाईदासमामा पांडेसऱ्याच्या रंगाईच्या कारखान्यात कामाला होता. यंदा तिथल्याच तिघांना सोबत घेऊन त्याने खाडीकाठचं एक लहानसं तळं भाड्याने घेतलं होतं आणि त्यात झिंग्यांचं बी, म्हणजे इवलीइवली पिल्लं, सोडलं होतं. चौघेही खानदेशचे. ज्वारी-कापूस ओळखणारी माणसं ती! खारं पाणी त्यांनी पाहिलं ते सुरतेला आल्यावरच. मामा कारखान्यातली पाळी संपवून भर दुपारी तळ्यावर पोचायचा. रंजनामामी बांधावरच्या झोपडीत राहायची. तळ्याची राखण करायला जवळच्या गावातले गुजराती रणछोडकाका होते.

पोरं आली त्याच दिवशी मामा मामीशी दबक्या आवाजात बोलत होता, "चार वेळा जाळं फेकलं. हाती आले दहा-बारा! इतकं बी गेलं कुठे? मी सांगस ना तुले, तो बुढा चोट्टा शे. पहाटे काढतो आणि बाजारात देतो."

ताराने ते ऐकलं आणि तिच्या डोक्यात चक्रं फिरू लागली.

"आपण झिंग्यांवर खूण करायची! बाजारात खुणेचा झिंगा दिसला की चोर सापडला!"

"पाण्यातल्या झिंग्यावर खूण? ती टिकेल कशी?" केतकीने विचारलं.

"माझे अण्णा काय काम करतात, ठाऊक आहे?" ताराची मान ताठ झाली. "कारखान्यात दहा व्यापाऱ्यांचं कोरं कापड एकाच हौदात जातं. उकळतात, धुतात, रंगवतात. बाहेर आल्यावर कुठलं कुणाचं, कसं कळणार? अण्णा आधीच प्रत्येक ताग्याच्या टोकाला काळ्या शाईने नंबर घालतात. ती शाई कश्शाने जात नाही!"

त्या शाईची एक बाटली पुढच्या खेपेला अण्णांकडून मामाच्या पिशवीतून आली. पोरांनी एक झिंगा उकळूनही पाहिला. झिंगा लालभडक झाला, ठिपका मात्र काळा तो काळाच! मग तीन सकाळी काठच्या उथळ पाण्यात टोपली बुडवून पकडलेल्या दोनशे झिंग्यांच्या पाठीवर त्यांनी ठिपके दिले. पाठ पुसायची, ठिपका द्यायचा, वीस अंक मोजायचे, की झिंगा परत पाण्यात.

रणछोडकाका लांबून बघत होते. जवळ येऊन त्यांनी विचारलं, "शुं करो छो, बेटा?"

"खेळतोय, काका!" तारा पटकन म्हणाली. चोराला कुणी आपला बेत सांगतं का?

काका हसले. कमरेच्या फडक्यात बांधलेले ताडगोळे काढून त्यांनी पोरांपुढे ठेवल्या. गजूने दोन खाल्ले. ताराने एकालाही हात लावला नाही.

पौर्णिमा झाली. आणखी दोन दिवस गेले. मामाने दुपारी दहा-पंधरा वेळा जाळं फेकलं आणि जेमतेम शंभर झिंगे वर आले. पोरं गुडघ्यांवर बसून एकेक पाठ तपासू लागली.

ठिपका नाही. ठिपका नाही. ठिपका नाही!

"मामा!" तारा ओरडली. "आम्ही दोनशे झिंग्यांवर खूण केली होती. एकसुद्धा नाही! सगळे चोरीला गेले!"

मामाने जाळं तिथेच टाकलं आणि तडक गावाची वाट धरली. पोरं त्याच्या मागे धावली. नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर रणछोडकाका बसले होते. आजूबाजूला गावातली पंधरा-वीस माणसं होती.

"चोर साला!" मामा गरजला. "माझी भाची हुशार आहे म्हणून पकडला गेलास! विचार तिला! सांग गं तारा!"

सगळे ताराकडे वळले. ताराने सांगितलं. अगदी खणखणीत सांगितलं. दोनशे ठिपके, न जाणारी शाई, एकही परत नाही!

रणछोडकाका शांतपणे उठले. "भाईदासभाई, झिंगा पूनमला अंगरखा बदलते. जुना काढते, नवा घालते. अने बपोरे जाळ नाखो, तो क्यांथी आवे? दुपारी तो कादवमां, चिखलात बसते."

"अंगरखा बदलते!" मामा कुत्सित हसला. "शिंपी ठेवलाय का रे तळ्यात?"

टपरीवर हशा पिकला. काकांच्या शेजारी बसलेला एकजण हळूच सरकून दुसऱ्या बाकड्यावर गेला. ते मात्र फक्त ताराला दिसलं.

"काढणीला पंधरा दिवस आहेत. इतक्यात दुसरा राखणदार मिळणार नाही म्हणून ठेवतो," मामा म्हणाला. "काढणी झाली की तू आणि पोलीस चौकी!"

"काढणी सुधी हुं बेसीश," काका म्हणाले. "नाठो एवुं कोई ना कहे."

पळून गेला असं कुणी म्हणायला नको, म्हणून ते बसणार होते.

आणि ते बसले. रोज त्याच जागी, बांधाच्या टोकाला. पण आता झोपडीकडे पाठ करून. मामीने चहा नेला तर ते हात जोडायचे आणि मान हलवायचे. गजू दोनदा त्यांच्या जवळ जाऊन बसला आणि दोन्ही वेळा मुकाट परत आला.

"काका बोलतच नाहीत गं, ताई."

तिसऱ्या दिवशी केतकी अचानक म्हणाली, "तारा, एक सांग. जाळ्यात शंभर झिंगे आले ना? म्हणजे तळ्यात झिंगे आहेत. मग चोराने नेमके आपलेच दोनशे कसे निवडले? ठिपका बघून चोरतो का कुणी?"

ताराने केतकीच्या वहीतला दोनशेचा आकडा पुन्हा पाहिला. हे तिला आधी का सुचलं नव्हतं? तिलाच काय, टपरीवरच्या इतक्या मोठ्या माणसांना तरी का सुचलं नव्हतं?

ती पळत मामाकडे गेली. मामा भाकरी खात होता. त्याने वर पाहिलंसुद्धा नाही.

"तूच सांगितलंस, आता तूच मागे घेतेस? पोरांनी पोरांसारखं राहावं!"

"पण मामा, ते म्हणाले ना, अंगरखा..."

"तारा! बास!"

मोठ्या माणसांची ही एक गंमतच असते. पोरांनी चूक सांगितली की लगेच खरी वाटते, आणि बरोबर सांगितलं की पोरांनी गप्प बसायचं!

आता काकांचं म्हणणं स्वतःच तपासायचं. पोरांनी अर्धं कापलेलं निळं पिंप मिळवलं, त्यात तळ्याचं पाणी भरलं आणि नव्याने ठिपके दिलेले सहा झिंगे सोडले. पाळीपाळीने पहारा सुरू झाला. एक दिवस गेला. दोन गेले. एक झिंगा मेला. तिसऱ्या दिवशी आणखी एक. तारा पिंपाच्या कडेला हनुवटी टेकून बसायची. पलीकडे बांधावर काकांची पाठ दिसायची.

पाचव्या सकाळी ऊन नुकतं पाण्यावर आलं होतं. एक झिंगा कुशीवर पडला, कमानीसारखा वाकला आणि पाठीवर उभा चिरला!

"मेला!" गजू किंचाळला.

"थांब!" केतकीने त्याचा दंड धरला.

त्या चिरेतून आत दबलेलं काहीतरी सरसरून बाहेर आलं. मऊ, नवंकोरं, काचेसारखं. नवा झिंगा! आणि खाली राहिलं रिकामं टरफल, मिशांसकट, पायांसकट. पाठीवर काळा ठिपका!

"कात! सापासारखी कात टाकली!" तारा धावत सुटली. "मामा! मामी! चला, लवकर चला!"

त्या दिवशी मामाला सुट्टी होती. डोळे चोळत तो आला. पिंपात वाकून पाहिलं तर टरफल कुठेच नव्हतं! बाकीचे झिंगे त्याचा शेवटचा तुकडा कुरतडत होते.

"खाल्लं त्यांनी!" गजू रडकुंडीला आला. "मामा, शप्पथ, इथेच होतं!"

 दया आल्यासारखं ताराच्या डोक्यावर थोपटून मामा निघून गेला. रागावला असता तर बरं झालं असतं, असं ताराला वाटलं. पिंपाआड बसून ती इतकी रडली की शेवटी उचकी लागली. पुरावा होता, तो पुराव्यानेच खाल्ला! आता कुणाला काय सांगायचं?

रविवारी अण्णा, म्हणजे तारा-गजूचे वडील सुकलाल, पोरांना भेटायला आले. ताराने त्यांना सगळं सांगितलं, मधलं काही न गाळता. ताडगोळ्यांचंही.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बेटा, काही कापड असं येतं की शाई धरतच नाही. मग आम्ही काय करतो? काठाला कात्रीने एक चिमटा घेतो. रंग बदलेल, कापड आटेल, पण कातरलेलं परत कसं येणार?"

तारा आणि केतकीने एकमेकींकडे पाहिलं.

झिंग्याच्या शेपटीला पंख्यासारख्या पाकळ्या असतात. त्यातल्या उजव्या पाकळीचं टोक नखाएवढं कातरायचं! पिंपातल्या झिंग्यावर आधी करून पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यानेही कात टाकली. ठिपका गेला, पण नवी शेपटी तोकडीच आली! मामीने दिलेल्या छोट्या कात्रीने पोरांनी शंभर झिंग्यांच्या शेपट्या कातरल्या. या वेळी उकळून पाहणं नव्हतं की हसणं नव्हतं. केतकीने मुकाट वहीत शंभर रेघा ओढल्या. काका बांधावर होते. बघत होते की नाही, कुणास ठाऊक.

"आणि खरंच कमी निघाले तर?" गजूने विचारलं.

केतकी वहीतल्या रेघा पुन्हा मोजू लागली. तळं एवढं मोठं. खाडीचे बगळे होते, खेकडे होते, ऊन होतं. दहाच परत आले, तर काकांना पुन्हा चोर म्हणणारी खूण तारानेच केलेली असणार होती! तोंडात घास फिरायला लागला की ती ताट बाजूला सारायची. मामी म्हणायची, "ऊन बाधलं पोरीला."

काढणीचा दिवस उजाडला. ओहोटी लागली तसं तळ्याचं दार उघडलं आणि जाळ्याच्या लांब पिशवीत पाणी झेपावलं. पाण्याबरोबर झिंगे! टोपल्यांमागून टोपल्या! मामाचे तिघे भागीदार लहान-मोठे निवडायला बसले. त्यांच्यात पोरंही घुसली.

"एक!" गजू ओरडला.

"काय एक?" मामाने विचारलं.

"शेपटी बघा, मामा! दोन! तीन!"

वीस झाले. चाळीस झाले. भागीदारांचे हात थांबले आणि तेही शेपट्या बघू लागले. "हा घे पोरी, हा बघ अजून एक!" साठ. पंच्याहत्तर. ऊन डोक्यावर आलं तेव्हा केतकीने वही मिटली.

"शंभरातले एक्क्याण्णव."

"मामा," तारा म्हणाली, "या शंभरांची राखण पण काकांनीच केली. मधे कुणी चोरत असतं तर इतके आले असते का? झिंगे कात टाकतात. त्या कातीबरोबर माझे ठिपके गेले. आणि तुम्ही जाळं फेकायचात भर दुपारी. तेव्हा ते चिखलात असतात. काका खरं बोलत होते. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या!"

मामाने टोपल्यांकडे पाहिलं, मग बांधाच्या टोकाकडे. जागा रिकामी होती. काढणी झाली, आणि शब्द दिल्याप्रमाणे काका उठून गेले होते.

तारा एकटीच त्यांच्या घरी धावली. ते ओसरीवर बसले होते.

"काका, माझं चुकलं. मी..."

त्यांनी हात वर केला. "मारा घरमां मने कोणे चोर कीधो? कोईए नहीं. ज्यां कीधो, त्यां बोल."

जिथे चोर म्हटलं, तिथेच बोलायचं होतं. काकांच्या मागोमाग चालताना नाक्यापर्यंतची ती वाट ताराला सुरतेच्या वाटेहून लांब वाटली. टपरीवर तीच माणसं होती. मामा-मामी, भागीदार, गजू आणि केतकीही आले होते, पण मामा सगळ्यांच्या मागेच रेंगाळला. शेवटी ताराच बाकड्यासमोर उभी राहिली. 

"मी इथे सांगितलं होतं की काका चोर आहेत. ते खोटं होतं. झिंगे कुणी नेले नाहीत. मला माहीत नव्हतं, आणि माहीत नसताना मी बोलले. मोठ्याने बोलले."

कुणी हसलं नाही. मामाने पुढे होऊन, सगळ्यांदेखत, काकांच्या पायांना हात लावला. "रणछोडभाई, पोरीपेक्षा माझी अक्कल लहान. पुढच्या साली तळं तुमच्या सांगण्याने चालेल. याल ना?"

"जोईशुं," काका म्हणाले. बघू. एवढंच.

"पण पोरगी हुशार आहे हो तुमची!" टपरीवाला म्हणाला. भागीदारांनी गजूला खांद्यावर घेतलं, केतकीची वही हातोहात फिरू लागली. मामीने तर सगळ्यांसमोर ताराचा मुका घेतला. जो तो शाबासकी देत होता. ताराला मात्र मान वर करवत नव्हती.

काकांसाठी चहा आला. त्यांनी कप उचलला, अर्धा चहा बशीत ओतला आणि बशी बाकड्यावरून ताराच्या बाजूला सरकवली.

"पी ले, बेटा," ते म्हणाले. "ठंडी थई जशे."

तारा त्यांच्या शेजारी बसली आणि दोन्ही हातांनी तिने बशी उचलली.