अठ्ठाविसावा दिवस

काँक्रीटच्या प्रयोगशाळेतली टाकी रिकामी करून घासायची, एवढंच काम होतं. दुसऱ्या दिवशी तिथे मिनिटकाट्याच्या आठवणीचा कार्यक्रम होता. तिचा प्रकल्प अहवाल काचेच्या कपाटात ठेवणार होते आणि विभागप्रमुखांना पाहुण्यांसमोर शेवाळलेलं पाणी नको होतं. मुलं परीक्षेला बसलेली. भर दुपारी, प्रयोगशाळा सांभाळणारे काका बादली घेऊन एकटेच आत आले.

मिनिटकाटा म्हणजे इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलगी. वेळेची इतकी पक्की की पोरांनी हे नाव पाडलं. कॅन्सर आहे हे कळलं तेव्हाही तिने डॉक्टरांना आधी प्रयोगाच्या तारखा दाखवल्या. काँक्रीटचे ठोकळे ओतून पाण्यात ठेवतात. काही सातव्या दिवशी मशीनखाली फोडतात, उरलेले अठ्ठाविसाव्या. किती भार सोसून फुटला, तो त्याचा आकडा. सातव्या दिवसाचे तीन तिने स्वतः फोडले. वीस, एकवीस, बावीस. मग हॉस्पिटलात गेली.

"काका, उरलेले तीन तुमच्याकडे. अठ्ठाविसावा दिवस, हं! सत्ताविसावा नाही आणि एकोणतिसावाही नाही."

"अगं, सोड माझ्यावर," काका म्हणाले होते.

आणि साफ विसरले. आठवलं तेव्हा पस्तिसावा दिवस होता, तेही तिचा फोन आला म्हणून. आवाज इतका बारीक झालेला की काकांना खरं सांगवेना. त्यांनी वेळ मारून नेली. सातव्या दिवसाच्या आकड्यांची मनातल्या मनात दीडपट केली आणि सांगून टाकली. तीस, साडेएकतीस, तेहेतीस. तिने ते एकेक करून लिहून घेतले. मग "बरं" म्हणाली. बारा दिवसांनी ती गेली, आणि तेच आकडे अहवालात छापून आले.

तेव्हापासून काकांना धड बसवत नव्हतं. जेवताना उठायचे, नळ बंद आहे का बघायचे, पुन्हा बसायचे. आज टाकीत कोपरापर्यंत हात घातला आणि तळाशी ते तीन ठोकळे लागले. तिच्या अक्षरातली, ओतल्याची तारीख तशीच होती. काकांनी पुन्हा तळ चाचपला. तीनच.

आता फोडून काय होणार? तो दिवस काही परत येणार नव्हता. पण हात ऐकेनात. त्यांनी मशीन सुरू केलं. घरघर वाढत गेली, काटा चढत गेला, आणि फाडकन आवाज होऊन ठोकळा फुटला. चोवीस. दुसरा पंचवीस. तिसरा पुन्हा चोवीस. इतके महिने पाण्यात मुरूनही एवढेच. म्हणजे तेव्हा याहून कमीच असणार. काकांनी मशीन बंद केलं, तुकडे घमेल्यात भरले, मशीनचा पोलादी पाट झाडून लख्ख केला. ओल्या सिमेंटचा वास मात्र जाईना. उलट वाढतच होता.

"भाऊ, येऊ का आत?"

काका दचकले. चोराच्या मनात चांदणं! दारात तिची आई उभी होती. "उद्या गर्दी असेल. म्हटलं, ती कुठे काम करायची ते आजच बघावं."

काकांनी स्टूल पुढे केलं आणि ती बसायच्या आत सगळं बोलून टाकलं. विसरलो, खोटं बोललो, हे आकडे माझ्या पदरचे आहेत. बोलता बोलता त्यांना रडू फुटलं.

"तिला कळलं होतं," आई म्हणाली. "फोन ठेवला आणि हसली. म्हणाली, तिन्ही बरोबर दीडपट आहेत, काकांनी ठोकळे नाही, गणित फोडलंय. मी म्हटलं, विचार त्यांना. तर म्हणे... नको. चांगले आहेत ते. फोडतील कधीतरी."

काकांनी डोळे पुसले. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

"तिचे तीनच होते ना?" आईने विचारलं.

"तीनच."

"मग... हा?"

मशीनच्या दोन पाटांमध्ये एक ठोकळा होता. अखंड. त्यावर तिच्याच अक्षरात तारीख होती. आजची.

काकांची नजर भिंतीकडे गेली. साचे खुंट्यांना टांगलेले, कोरडे ठणठणीत. सिमेंटच्या पोत्याची शिवणही उसवलेली नव्हती. त्यांनी ठोकळ्याला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. ठोकळा कोमट होता. काँक्रीट आतून असं तापतं ते ओतल्यानंतर एखादाच दिवस, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"हात... लावू नका, ताई..."

पण आईने तळवा टेकवला होता, कपाळावर टेकवतात तसा. "ताप नाही," ती पुटपुटली. "एवढंच असतं तिचं अंग."  तिने हात उचलला नाही.

"हा कधी फोडायचा?"

काकांनी सवयीने दिवस मोजले आणि तारीख सांगितली. 

आईने मान वर केली. इतका वेळ ती त्यांना भाऊ म्हणत होती. आता अगदी बारीक आवाजात म्हणाली, "या वेळी विसरू नका हं, काका."